पव्वा, प्रार्थना आणि हाताला काम

बुलढाणा जिल्ह्यात कुणाची दारू सोडवायची झाली, तर दवाखान्याचं नाव सहसा सगळ्यात शेवटी निघतं. आधी घरातली भांडणं, मग माहेरी निघून जाण्याची धमकी, मग लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. ती मोडली की गळ्यात माळ. माळ उतरली की सैलानी बाबांच्या दर्ग्याची वारी. तिथूनही हात हलवत परत आलं की शेजारची एखादी बाई हळूच सांगते, "प्रार्थनेले नेऊन पाहा ना त्याईले. आमच्या भाच्याची सुटली." असं करत करत घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांमधला एखादा पुरुष रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडमधल्या सतरंजीवर जाऊन बसतो. येशू ख्रिस्ताबद्दल त्याला काही ठाऊक नसतं. रात्रीचा पव्वा अजून पुरता उतरलेला नसतो. बायकोने ओढून आणलं म्हणून तो आलेला असतो.

या सतरंजीकडे आपले लेखक-पत्रकार दोनच नजरांनी पाहतात. काहींना तिथे फक्त धर्मांतर दिसतं, काहींना फक्त चमत्कार. तिथे बसलेला माणूस दोघांच्याही नजरेतून सुटतो.

आधी एक आकडा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून व्यसनांचं देशव्यापी सर्वेक्षण करून घेतलं, त्याचा अहवाल २०१९ साली आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. जे पुरते दारूवर अवलंबून आहेत, त्यांच्यातल्या ३८ जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळालेला होता. दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांमागे एक. उरलेल्या सदतीस जणांचा माग काढायचा तर बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात देऊळ, दर्गा, विहार आणि प्रार्थनाघर अशा चारही ठिकाणी जावं लागतं.

या जिल्ह्याला त्यात नवल नाही. शेगाव इथलंच. दरवर्षी आषाढीसाठी गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते आणि तिच्याबरोबर चालणाऱ्यांत माळेच्या बंधनाने दारू-मटण सोडलेले कितीतरी असतात. साताऱ्याकडच्या बंडातात्या कराडकरांनी तर वारकरी तरुणांना हाताशी धरून व्यसनमुक्त युवक संघच उभा केला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत घालायची जातीची रीत बाबांनी मोडली, त्यामागे घरातलं ते मरण होतं. जिल्ह्याची साधारण सातवा हिस्सा लोकसंख्या बौद्ध आहे. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आणि बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमाराला नारळांची होळी पेटते आणि ‘बाहेरचं’ झालेल्या माणसांना घेऊन दूरदूरची कुटुंबं येतात. त्या ‘बाहेरच्या’त दारूचा वाटा किती, हे पुढे येईलच.

यात ख्रिस्ती माणसं मूठभर. जिल्ह्याच्या पंचवीस लाखांवर लोकसंख्येत त्यांचं प्रमाण टक्क्याचा लहानसा तुकडा. पण त्यांचं इथलं असणं कालपरवाचं नाही. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, खामगावचा कापूस मुंबईच्या गोदीकडे धावू लागला आणि त्याच रुळांवरून पुढे मिशनरी वऱ्हाडात आले. ज्या पंथाने इथे पाय रोवले तो म्हणजे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. कॅनडात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये पाळक असलेल्या अल्बर्ट सिम्पसन यांनी १८८७ साली सुरू केलेल्या चळवळीतून तो निघाला. अकोला हे त्यांचं मुख्य ठाणं. छप्पन्याच्या दुष्काळात अनाथ झालेल्या लेकरांना त्यांनी सांभाळलं, आणि अकोला-खामगावकडच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांपैकी काहींची मुळं त्या दुष्काळात सापडतात.

ज्या इंग्रज सरकारच्या छत्राखाली हे मिशनरी सुखाने फिरत होते, तेच सरकार दारूच्या दुकानांचे लिलाव पुकारून तिजोरी भरत होतं. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८८० साली नगरपालिकेला पत्र लिहून वाढत्या दारूदुकानांवर बोट ठेवलं होतं. आजही उत्पादन शुल्क खात्याचं उद्दिष्ट दरवर्षी वाढतंच, आणि त्याच राज्यात गावातल्या निम्म्याहून अधिक बायांनी मतदान करून बाटली आडवी केली की दुकान बंद होतं. सरकारचा एक हात ओततो आणि दुसरा पुसतो, हे दीडशे वर्षांत बदललेलं नाही.

सिम्पसन यांच्या पंथाचं बोधचिन्ह आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. त्यात चार वस्तू आहेत: क्रूस, गंगाळ, तेलाची सुरई आणि मुकुट. ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि पुन्हा येणारा राजा, असा त्यांचा अर्थ. तिसरी वस्तू महत्त्वाची. याकोबाच्या पत्रात मंडळीतल्या वडिलांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं सांगितलंय, तीच ही सुरई. म्हणजे वऱ्हाडात आलेली ख्रिस्ती श्रद्धा पहिल्यापासूनच शरीर बरं होण्याची भाषा बोलणारी होती. पुढे पेंटेकॉस्टल मंडळ्या आल्या, त्यांनी ही भाषा आणखी चढ्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

आता ती सतरंजी.

चपला बाहेर. आत एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, आणि बायांची संख्या नेहमीच जास्त. ढोलकी, खंजिरी, असली तर पेटी. ‘उपासना संगीत’ हे मराठी मंडळ्यांचं गीतपुस्तक. त्यातली नारायण वामन टिळकांची भजनं सुरू झाली की भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला चाल ओळखीची वाटते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे हे चित्पावन कवी १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंगाचा छंद त्यांनी सोडला नाही. त्याचा फायदा असा, की टाळाच्या ठेक्यावर वाढलेला शेगावकडचा माणूस इथे परका होत नाही. मग वचन, मग विनवण्या. एकेक बाई उभी राहते आणि नाव न घेता सांगते, "आमच्या घरच्यांसाठी प्रार्थना करा." सगळ्या मंडळीला ठाऊक असतं कशासाठी.

आणि मग साक्ष. व्यसनातून सुटलेल्यांच्या साक्षींचा सांगाडा थोड्याफार फरकाने सारखाच असतो. आधी पडण्याची हकिकत: विकलेली बैलजोडी, गहाण पडलेलं मंगळसूत्र, सोयाबीनची पट्टी घेऊन बाजारातून निघालेला आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या खिशाने सापडलेला बाप. मग तळ गाठल्याची रात्र, एखादी प्रार्थना, आणि मग ‘त्या दिवसापासून थेंब नाही’. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत या सगळ्या साक्षींच्या पाठीशी उभा असतो. वाटणी मागून घर सोडलेला, सगळं उडवून डुकरांच्या खाण्यावर नजर गेलेला आणि अखेर बापाच्या दारी परतलेला मुलगा. हा दृष्टांत शेतकऱ्याला फोड करून सांगावा लागत नाही. वाटणी, बाप आणि उधळलेला पैसा, तिन्ही त्याच्या घरातलेच.

पण दृष्टांतातला मुलगा एकदाच परततो. दारुड्याला दहा वेळा परतावं लागतं. इथे मंडळीची खरी परीक्षा सुरू होते, आणि पुष्कळ मंडळ्या इथे नापास होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. सुटून महिना झाला नाही तोच माणसाला पुढे उभं करून साक्ष द्यायला लावायची, टाळ्या, वर मोबाइलवर चित्रीकरण, संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलेलं. तीन महिन्यांनी तो पुन्हा घसरला तर कुठल्या तोंडाने येणार? डॉक्टरांच्या लेखी घसरणं हा आजाराचाच एक टप्पा असतो. मंडळीत मात्र त्याचं पाप होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे देवाचा पराभव होतो. मग तो येणंच बंद करतो. बायको मात्र येत राहते, मागच्या रांगेत.

दुसरी गोष्ट याहून गंभीर, कारण तिथे जीवाशी गाठ आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली की काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, अंगात ताप भरतो, वेळकाळाचं भान सुटतं. उपचार झाला नाही तर माणूस दगावतो. योग्य गोळ्या, सलाईन आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मिळाली तर तोच माणूस आठवड्याभरात उठून बसतो. हा वैद्यकातला अगदी जुना, पक्का भाग आहे. आता हे दृश्य खेड्यातल्या घरात मांडून पाहा. परवा शपथ घेऊन बाटली फोडलेला माणूस आज रात्री कोपऱ्याकडे बोट दाखवून ओरडतोय. घरचे काय म्हणणार? ‘त्याले बाहेरचं लागलं.’ कुणी त्याला सैलानीला नेतं, कुणी भूत काढणाऱ्या प्रार्थनेला. दोन्हीकडे ते तीन दिवस वाया जातात, आणि घात होतो तो नेमका त्याच दिवसांत. वाचला, तर श्रेय त्या जागेला. गेला, तर ‘त्याची वेळच भरली होती’.

गोळ्या फेका, फक्त विश्वास ठेवा, असं सांगणारा पाळक ख्रिस्ताच्याच गोष्टीकडे पाठ फिरवतो, असं म्हणायला मी कचरणार नाही. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत याच लूकमध्ये आहे. रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाच्या जखमांवर तो तेल आणि द्राक्षारस ओततो, हे सगळ्यांना आठवतं. पुढचं कमी जणांना आठवतं. तो त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, सकाळी मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवतो आणि आणखी खर्च आला तर परतताना देईन म्हणतो. सुरईतलं तेल तर त्यात आहेच. जनावर, मुक्काम आणि बिलही आहे.

महाराष्ट्रात हे सगळं एकत्र करून दाखवणारा माणूस स्वतः पाद्री होता आणि स्वतः दारुड्याही. मुंबई धर्मप्रांताचे फादर जो परेरा. धर्मगुरू असतानाच ते दारूच्या आहारी गेले, दारुड्यांनीच दारुड्यांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे ‘एए’च्या मार्गाने सुटले, आणि १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुढे वसईत मोठं केंद्र झालं. बी. के. एस. अय्यंगारांचे ते शिष्य, म्हणून कृपामध्ये प्रार्थनेइतकीच योगासनं. एचआयव्ही झालेल्यांसाठीही त्यांनी काम केलं. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाद्री दारुडा असल्याचं त्यांनी लपवलं असतं तर चर्चने बहुधा ते लपू दिलं असतं. त्यांनी तेच भांडवल केलं. आमच्याकडच्या पाळकांनी चमत्काराच्या सभांना जाण्याआधी वसईला एक चक्कर मारावी.

मराठी वाचकाला जास्त जवळचं नाव अर्थातच पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं. अनिल अवचटांची ‘गर्द’ या अमली पदार्थावरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून डॉ. अनिता अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. तिथे कुठल्याच धर्माची सक्ती नाही, तरी रुग्णांच्या दिनक्रमात एएच्या बैठकांना जागा आहे. कृपा आणि मुक्तांगण, एक चर्चच्या आवारातून निघालेलं आणि एक मनोरुग्णालयाच्या, दोघंही ज्या विहिरीवर पाणी भरतात ती एए आहे. आणि त्या विहिरीचा झरा ख्रिस्ती आहे.

हा इतिहास आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. अमेरिकेतला रोलंड हॅझार्ड नावाचा एक श्रीमंत दारुडा १९३० च्या सुमाराला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्याकडे गेला. माझ्या विद्येने तुझं काही होणार नाही, तुला आध्यात्मिक अनुभवच वाचवू शकेल, असं युंगनी त्याला सांगितलं. तो ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत गेला आणि त्या साखळीतून निरोप बिल विल्सन या शेअर दलालापर्यंत पोचला. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या इस्पितळात बिलची दारू सुटली. मे १९३५ मध्ये कामासाठी तो ॲक्रन गावी गेला, सौदा फसला, हॉटेलच्या दर्शनी दालनात तो एकटा उभा आणि बाजूच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. तिथे त्याने गावातल्या चर्चांची यादी पाहून फोन लावायला घेतले. त्याला शोधायचा होता दुसरा एखादा दारुडा, ज्याच्याशी बोलता येईल. फोनांच्या त्या साखळीतून त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. १० जून १९३५ रोजी बॉबने शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस एए आपला स्थापनादिन मानते. पुढे देवाला ख्रिस्ताचंच नाव दिलं पाहिजे हा आग्रह त्यांनी सोडला, प्रत्येकाने आपल्या समजुतीतला ईश्वर मानावा असं ठरलं, आणि म्हणूनच १९५७ मध्ये मुंबईत एए आली तेव्हा हिंदूला, मुसलमानाला, पारशाला आत येताना दार खुजं वाटलं नाही.

बिलने दुसऱ्या दारुड्याला शोधलं ते त्याला वाचवायला नव्हे. स्वतः पिऊ नये म्हणून शोधलं. आयुष्याला हेतू सापडतो तो व्यसन सुटल्यावर बक्षीस म्हणून, असं आपण समजतो. ॲक्रनमध्ये हेतू आधी आला. आणि माझ्या मते बुलढाण्याच्या सतरंजीवर जे चालतं ते चालण्याचं कारणही हेच. जो नुसता येऊन डोळे मिटून बसतो त्याचं काही खरं नसतं. पण शनिवारी संध्याकाळी, म्हणजे नेमकी गुत्त्यावर गर्दी होण्याच्या वेळी, ज्याच्यावर शेड झाडायची, सतरंज्या अंथरायच्या, ढोलकी कसायची जबाबदारी टाकली. ज्याला सांगितलं की अमक्या वस्तीवरचा तमका तीन आठवडे आला नाही, त्याला बघून ये. त्या माणसाची संध्याकाळ भरते. व्यसनाचं अर्धं ठाणं संध्याकाळ असते. शिवाय ज्याला गावाने वर्षानुवर्षं उधारीवर चहासुद्धा दिला नाही, त्याच्या हातात दानपेटीची किल्ली येते. वैद्यकीय भाषेत याला काहीही म्हणा.

हे केवळ भाविकांचं म्हणणं नाही. २०२० साली कोक्रेन या नावाजलेल्या संस्थेने एए आणि तिच्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीवरचे २७ अभ्यास, दहा हजारांहून अधिक माणसांचे, एकत्र तपासले. पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत पद्धतशीरपणे एएला जोडून दिलेली माणसं इतर प्रस्थापित उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. एएचा मार्गच गटात जाणं, गटाला चिकटणं आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणं हा आहे. हे करायला विशिष्ट देव लागतो असं त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही, आणि देव आड येतो असंही नाही.

दारू सोडायला चर्चमध्ये आलेल्याला प्रभुभोजनात पुन्हा दारूच मिळते का, असं कुणी विचारेल, तर इथल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत साधारणपणे दारू नसलेला द्राक्षरस असतो. थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली अमेरिकेत द्राक्षरस तापवून न आंबता बाटलीत टिकवायची युक्ती काढली, ती चर्चच्या याच प्याल्यासाठी. कॅथलिक चर्चमध्ये वाइनच लागते, पण दारूचा त्रास असलेल्या धर्मगुरूला बिशपच्या परवानगीने जवळजवळ न आंबलेला रस वापरता येतो. दोन हजार वर्षांच्या संस्थेने एका आजारी माणसासाठी नियमाला वाट करून दिली.

आता तो अवघड प्रश्न. दारू सोडवायच्या नावाखाली धर्म बदलवतात, हा आरोप गावोगाव आहे आणि तो हसून उडवण्यासारखा नाही. ज्या क्षणी माणूस सगळ्यात दुबळा असतो, त्या क्षणी त्याला दिलेल्या मदतीला अट जोडली जात असेल तर ते चूकच. पण दुसरी बाजूही पाहावी. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच त्या सवलती मिळतात. दलित माणूस कागदावर ख्रिस्ती झाला की त्या जातात. म्हणजे प्रार्थनेला जाऊन दारू सुटलेला, मुलीच्या शिष्यवृत्तीवर डोळा लावून बसलेला बाप बाप्तिस्म्याच्या नोंदीत फायद्यासाठी नाव घालेल, हे गणित जुळत नाही. असे कितीतरी जण बाप्तिस्मा न घेता वर्षानुवर्षं ‘विश्वासी’ म्हणूनच राहतात. सणाला घरच्या देवापुढे उभे राहतात, रविवारी सतरंजीवर. भाऊबंदांत कुरबुर होते: "दारू सुटली ते बरं झालं, पण पोरगं हातचं गेलं." दारू पिऊन बांधावर पडला होता तेव्हा तो कुणाच्या हातात होता, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-अमली पदार्थांच्या अतिवापराशी निगडित अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. त्यामुळे साखळीने बांधणं, कोंडून मारणं, मग ते कुणाच्याही नावाने असो, गुन्ह्याच्या कक्षेत येतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीला आळा घातला आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये आलेल्या सरकारी प्रेरणा प्रकल्पातही बुलढाणा होता. म्हणजे मनाच्या आजाराची सरकारी वाट इथे अगदीच अनोळखी नाही. तिच्याकडे पाळक, महाराज आणि मुजावर यांनी बोट दाखवायला हवं, कारण गाव त्यांचं ऐकतं.

तुमच्या घरात किंवा मंडळीत असा कुणी असेल, तर त्याला प्रार्थनेला जरूर न्या, पंढरीला न्या, विहारात न्या. पण रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिले चार-पाच दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत. आणि तो परत आला की साक्ष मागू नका, त्याला शनिवारचं काहीतरी काम द्या.